बत्तीस पदव्या आणि एक तारीख

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कावर पुस्तकांचे स्टॉल लागतात. चैत्यभूमीच्या रांगेत तासन् तास उभी राहिलेली माणसं, पायांत गोळे आलेले, खांद्यावर बोचकं, ती पुस्तकं चाळतात. भाव विचारतात. दहा रुपयांची का होईना, एक पुस्तिका घेतल्याशिवाय परतीच्या गाडीत बसत नाहीत. देवाच्या जत्रेतून माणूस नारळ-बत्तासे घेऊन जातो, इथून छापलेला कागद घेऊन जातो. हे अगोदर मोकळेपणानं सांगतो. कारण पुढं जे लिहिणार आहे ते त्या कागदावर काय छापलंय याबद्दल आहे, आणि ते सगळ्यांना गोड लागेल असं वाटत नाही.

ह्या स्टॉलांवर एक पोस्टर हटकून असतं. निळा सूट, हातात ग्रंथ, आणि खाली पदव्यांची माळ. बी.ए., एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ, एल.एल.डी., डी.लिट्. त्याच्या शेजारी दुसरं पोस्टर: ३२ पदव्या, ९ भाषा. तिसऱ्यावर त्याहून जबर: लंडनचा आठ वर्षांचा अभ्यासक्रम बाबासाहेबांनी दोन वर्षं तीन महिन्यांत संपवला, रोज एकवीस तास वाचून. पोस्टरवरून पुस्तिकावाला उचलतो, पुस्तिकेवरून गायक उचलतो, गायकावरून वक्ता, आणि वक्त्याच्या टाळ्या ऐकून आमचा कवी.

कोण म्हणंल, पोस्टरची कसली समीक्षा करतोस? दोस्तांनो, आपल्या वस्तीत सर्वांत जास्त वाचला जाणारा मजकूर कादंबरी नाही, कवितासंग्रह तर नाहीच. तो हा. भिंतीवर वर्षभर लटकतो. पोरगं आडवं पडलं की त्याच्या डोळ्यांसमोर तोच असतो. ज्या मजकुरावर एका समाजाची पोरं वाढतात त्याची समीक्षा करायची नाही तर मग कशाची करायची? विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक ती करणार नाहीत. ते आम्हाला 'अनुभव' विचारतात आणि 'भाषा' शिकवतात.

तर आधी हिशोब. मेहनतीनं, परीक्षा देऊन, प्रबंध लिहून मिळवलेल्या गोष्टी सहा. मुंबईची बी.ए., कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडनची एम.एस्सी. आणि डी.एस्सी., आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी. कोलंबियानं १९५२ साली एल.एल.डी. दिली, उस्मानिया विद्यापीठानं १९५३ साली डी.लिट्. दिली, ह्या दोन्ही सन्मानाच्या. सहा अधिक दोन. बत्तीसचा आकडा कुठून आला? कुणाला तरी सहा कमी वाटल्या म्हणून आला. मला त्या माणसाचा राग येत नाही, कीव येते. सहा कमी वाटायला माणसानं एकही फॉर्म स्वतः भरलेला नसावा लागतो.

माझी खरी तक्रार आकड्याबद्दल नाहीच. तक्रार ही, की ह्या पोस्टरवर एकही तारीख नसते. जन्म आणि महापरिनिर्वाण सोडलं तर बाबासाहेबांचं शिक्षण जणू काळाच्या बाहेर झालं. पदवी, पदवी, पदवी. मधे मुदत नाही, करार नाही, रजा नाही, शिफारसपत्र नाही, संपलेली स्कॉलरशिप नाही. आता मी त्या तारखा लावून दाखवतो. त्या काही गुप्त नाहीत. चांगदेव खैरमोड्यांनी पहिला खंड १९५२ सालीच काढला, धनंजय कीरांचं चरित्र मराठीत आणि इंग्रजीत आहे. वाचायचं कुणी?

१९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. घर परळच्या बी.आय.टी. चाळीत, दोन खोल्या. ४ जून १९१३ ला बडोद्यात करार झाला. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. हा करार म्हंजे काय, ते गिरणीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उचल घेतली की अंग बांधलं. सयाजीरावांचे उपकार मानायचेच, पण उपकाराच्या कागदावरही मुदत लिहिलेली असते हे विसरायचं नाही.

जुलैत न्यूयॉर्क. कोलंबियाच्या नोंदीत त्यांनी घेतलेले विषय आहेत: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच, प्राथमिक जर्मन एकेक. बेरीज करा. ६० होते. तीन वर्षांत ६०. आपण म्हणतो केवढी ज्ञानाची भूक! भूक होतीच. पण बाजूला मीटर चालू होता हे कुणी लिहीत नाही. पुन्हा ही संधी येणार नाही हे ज्याला पक्कं माहीत असतं तो माणूस असाच जेवतो. हावरटासारखा नाही, हिशोबानं. १९१५ ला एम.ए. झाली. १९१६ च्या मे महिन्यात जातीवरचा निबंध वाचला, त्याच सुमाराला डॉक्टरेटचा प्रबंध मान्य झाला. आणि स्कॉलरशिपची तीन वर्षं संपली.

मुदतवाढ मागितली. एक वर्ष मिळालं. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, नोव्हेंबरात ग्रेज इन. स्कूलची फी साडेदहा पौंड, म्हंजे जवळजवळ एका महिन्याची स्कॉलरशिप. आणि १९१७ च्या उन्हाळ्यात बडोद्याच्या दिवाणांचं बोलावणं. मुदत संपली, परत या, कराराप्रमाणं नोकरी करा.

आता इथं ती गोष्ट येते जिच्यासाठी हा सगळा प्रपंच. परत येण्याआधी बाबासाहेबांनी एक काम केलं. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीनं लंडन विद्यापीठाकडून परवानगी घेतली: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढं चालू करता येईल. चार वर्षं. ऑक्टोबर १९२१. त्यानंतर दार बंद.

महायुद्ध चालू होतं. सामान ज्या बोटीत होतं ती पाणतीरानं बुडाली. पुस्तकं बुडाली हे आमचे सगळे गायक गातात. परवानगी बुडाली नाही, हे एकही गात नाही.

एकदा ही तारीख मनात धरली की पुढची सगळी गोष्ट फिरते. १९१७ चा बडोदा: शिपायांनी लांबून टाकलेल्या फायली, पारशी खाणावळीतून सामानासकट हाकलणं. आपण ते अपमान म्हणून वाचतो, बरोबरच आहे. पण तेव्हा चार वर्षांतले पहिले महिने जळत होते. मग मुंबई. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरकी, पगार ४५० रुपये. चरित्रं सांगतात, त्यांची लेक्चरं ऐकायला दुसऱ्या कॉलेजातली पोरं येऊन बसायची. छान. पण साडेचारशे पगाराचा माणूस परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहून पै-पै का बाजूला टाकत होता, ते पोस्टरवाल्याला माहीत नाही. तो जेव्हा निघाला तेव्हा स्वतःची पुंजी, नवल भथेना ह्या मित्राकडून कर्ज, शाहू महाराजांची मदत, असं तीन ठिकाणचं गाठोडं बांधून निघाला. जुलै १९२०. मुदतीला सव्वा वर्ष उरलं होतं. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. दार बंद व्हायला चार महिने बाकी होते!

सांगा मला, ह्याच्याहून थरारक काय आहे? आमच्या कथाकारांना पोलिसांचा पाठलाग लिहिता येतो, गावकीचा दगड लिहिता येतो. कॅलेंडरचा पाठलाग लिहिता येत नाही.

आता आठ वर्षं दोन वर्षांत, ही भानगड. पहिली गोष्ट, लंडनचा मुक्काम सलग नाहीच. १९१६-१७ चं एक वर्ष, मग तीन वर्षांची तूट, मग १९२० ते १९२३. दुसरी गोष्ट, ते रिकाम्या हातानं गेले नव्हते. कोलंबियाचे ६० विषय आणि मान्य झालेला प्रबंध घेऊन गेले होते. आणि तरी काय झालं बघा. कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या मंडळींना त्यांच्यासाठी पत्रं लिहिली. लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांनी स्कूलच्या सेक्रेटरीबाईंना कळवलं त्याचा मतलब असा, की हा गृहस्थ आधीच डॉक्टरेट करून बसलाय, आता इथं त्याला जिंकायला काही उरलेलं नाही. आणि तो गृहस्थ काय करतो? पुन्हा एम.एस्सी.च्या फॉर्मवर सही करतो. डॉक्टरेटचा प्रबंध मान्य झालेला माणूस पुन्हा एक पायरी खाली उतरून उभा राहतो, कारण एका विद्यापीठाचं शिकणं दुसऱ्या विद्यापीठात जसंच्या तसं धरलं जात नाही.

बदली कामगाराला हे लगेच कळंल. एका गिरणीत सांचावर वर्षं काढली, दुसऱ्या गिरणीच्या गेटवर गेला की पुन्हा बदली कार्ड, पुन्हा सकाळी नंबर लागतो का बघत उभं राहणं. हात तेच, कसब तेच, भरलेले दिवस मात्र मागच्या गिरणीत राहिले. बाबासाहेब लंडनला बदलीवर उभे राहिले. जादू म्हणून सांगण्यापेक्षा हे सांगितलं तर ते लहान होतात का? माझ्या मते मोठे होतात.

आणखी ऐका. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा डी.एस्सी.चा प्रबंध. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो परत पाठवला, पुन्हा लिहा म्हणाले. आपल्या भाषेत के.टी. लागली. पैसे संपले होते, एप्रिलात मुंबईला यावं लागलं. परळच्या त्याच चाळीत बसून प्रबंध दुरुस्त केला, ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला, नोव्हेंबरात मान्य झाला. ह्या एका गोष्टीनं किती पोरं वाचली असती! ए.टी.के.टी. लागली म्हणून कॉलेज सोडलेला पोरगा घरी येतो, भिंतीवर बत्तीस पदव्या बघतो आणि म्हणतो, आपली ती लायकी नाय. त्या भिंतीवर मार्च १९२३ लिहिलेलं असतं तर?

बॉनच्या विद्यापीठातही नाव घातलं होतं. तिथली पदवी झाली नाही. आणि कोलंबियाची पीएच.डी.? प्रबंध १९१६ ला मान्य, पण छापील प्रती विद्यापीठाकडं दिल्याशिवाय पदवी हातात पडायची नाही असा नियम. पुस्तक १९२५ ला छापून निघालं. पदवी मिळाली १९२७ च्या जूनमध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यालं गेलं. अकरा वर्षं एक पदवी छपाईखर्चासाठी अडकून पडली होती, हे वाक्य मी तरी कुठल्या भीमगीतात ऐकलेलं नाही.

हे आपल्या लिहिणाऱ्यांना का सुचत नाही? माझा तर्क असा. पावाचा तुकडा कवितेत चटकन बसतो. कंदील बसतो, उपाशी पोट बसतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बसत नाही. मायग्रेशन सर्टिफिकेट, बोनाफाईड, साक्षांकित प्रत, असले शब्द आले की ओळ रुक्ष होते असं आम्हाला शिकवलंय. शिकवलं कुणी? ज्यांचे दाखले बापाच्या ओळखीनं घरपोच येत होते त्यांनी. त्यांच्या सौंदर्यशास्त्रात फॉर्म नसणारच. आपण त्यांचा चंद्र नाकारला, त्यांचा मोगरा नाकारला, पण काय 'साहित्यिक' आणि काय 'कारकुनी' ही त्यांची वाटणी मात्र डोळे मिटून घेतली.

अपवाद आहेत, आणि ते आपल्याच गद्यात आहेत. शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' (१९८४) घ्या. सगळे त्यातल्या भुकेवर बोलतात. मला विचाराल तर त्या पुस्तकाचा कणा आहे सवलतीच्या फॉर्मवरची सरपंचाची सही. बाप एका जातीचा, आई दुसऱ्या जातीची, सांभाळणारा तिसऱ्या धर्माचा, आणि फॉर्मला हवं एक नाव, एक जात, एक पालक. सरपंचाची पेन्सिल थांबते तिथं अख्खी जातव्यवस्था थांबते. हा प्रसंग कुठल्याही कारकुनाला रुक्ष वाटेल, आणि मराठी आत्मकथनात इतकं धारदार पान थोडंच आहे.

दुसरं, कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' (१९८१). संस्कृतमध्ये एम.ए. झालेली महार बाई. पदवी खरी, मार्क खरे. मुलाखतींमागून मुलाखती, नोकरी नाही. सोमकुवर आडनाव गेलं, लग्नानं पावडे आडनाव आलं, मग नोकरी आली. ह्याला म्हणतात शिकलेलं एका दारातून दुसऱ्या दारात मान्य होणं! मार्क एकही वाढला नाही, विषय एकही वाढला नाही. फक्त आडनाव बदललं आणि पदवीला किंमत आली. बाई हे सगळं हसत सांगतात आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तक्रारीचा सूर न लावता तक्रार कशी नोंदवावी, ते आमच्या आरडाओरड करणाऱ्या कवींनी ह्या बाईंकडून शिकावं.

तिसरा मजकूर पुस्तक नाही. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ ला जाण्यापूर्वी लिहिलेलं पत्र. त्यातलं ताऱ्यांबद्दलचं आपण पोस्टरवर छापलं, टी-शर्टवर छापलं. पण त्याच पत्राच्या शेवटाकडं हिशोब आहे. सात महिन्यांची फेलोशिप थकली आहे, एक लाख पंचाहत्तर हजार, ती घरच्यांना मिळेल असं बघा. हे कोण वाचून दाखवतो? तारे बरे वाटतात. थकलेली फेलोशिप वाचली की मग कुठल्या टेबलावर फाईल अडली ते विचारावं लागतं.

आणि टेबलं काही गेलेली नाहीत. फक्त त्यांवर कॉम्प्युटर आलेत. २०२१ साली एका दलित पोराला पवईच्या आय.आय.टी.त सिव्हिलची जागा लागली. फी भरताना कार्ड चाललं नाही, मुदत टळली, जागा गेली. सुप्रीम कोर्टात जावं लागलं, तेव्हा कोर्टानं नोव्हेंबरात सांगितलं की त्याच्यासाठी जागा निर्माण करा. २०२४ साली पुन्हा तेच. उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारीवाल्याच्या पोराला धनबादच्या आय.आय.टी.त जागा लागली. भरायचे १७,५०० रुपये, २४ जूनच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. गावातून पैसे गोळा होईपर्यंत पाच वाजले. ३० सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं घटनेचं १४२ वं कलम वापरून त्याला आत घेतलं. घटनेतलं इतकं मोठं कलम, आणि ते लागलं कशाला, तर काही मिनिटांना. आपण पेढे वाटले. मी विचार करतो त्या पोरांचा, जी पाच वाजून गेल्यावर सायबर कॅफेतून उठून गुपचूप घरी गेली आणि ज्यांच्यासाठी कुठलंही कलम लागलं नाही.

अनुसूचित जातींच्या पोरांसाठी पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप १९४४ साली सुरू झाली. त्याआधी १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हॉइसरॉयला जे निवेदन दिलं त्यात स्कॉलरशिपची मागणी होती, देशातल्या शिक्षणासाठी आणि परदेशातल्याही. साडेअकरा पौंडांवर दिवस काढलेल्या माणसाची मागणी होती ती. आता त्या योजनेच्या नियमांतलं एक कलम वाचा. शिक्षणाची एक पायरी पार केल्यावर त्याच पायरीवर दुसऱ्या विषयात शिकत असाल तर स्कॉलरशिप नाही. बी.ए. नंतर बी.कॉम. नाही, एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम.ए. नाही. हे कलम हातात धरून कोलंबियाची एम.ए. असलेल्या माणसाला लंडनच्या एम.एस्सी.साठी उभा करून बघा. अपात्र!

परदेशी शिकायची केंद्राची योजना, नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, १९५४-५५ पासूनची. २०२२ साली तिच्या नियमांत घातलं, की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि इथल्या समाजाचा अभ्यास ह्या विषयांना पैसे मिळणार नाहीत. बाबासाहेबांचा एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर, १९१६ चा निबंध भारतातल्या जातींवर. दोन्ही बाद. २०२५ साली १०६ पोरं निवडली गेली, जुलैत ४० जणांना पत्रं दिली आणि ६६ जणांना सांगितलं, पैसे असतील तर बघू. तिकडं विद्यापीठ सप्टेंबरात उघडतं. ते 'बघू' साठी थांबत नाही.

आणि आता शिकलेलं साठवायची बँक आली आहे. २०२१ साली यू.जी.सी.नं ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स काढली. एका कॉलेजात शिकलात, सोडावं लागलं, तर क्रेडिट खात्यात जमा, पुढं दुसऱ्या कॉलेजात वापरा. मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. मी ह्या योजनेला शिव्या घालणार नाही. बाबासाहेबांना चार वर्षं मिळाली आणि ती मिळवायला एक कॅनन लागला. इथं सात वर्षं आहेत आणि शिफारस लागत नाही. चांगलंच आहे. पण कॉलेज सोडावं लागतं ते खात्यात क्रेडिट नसतं म्हणून नाही, घरात पैसे नसतात म्हणून. एक वर्ष करून बाहेर पडला तर सर्टिफिकेट, दोन वर्षं करून पडला तर डिप्लोमा. बाहेर पडायच्या दारांना नावं दिली आहेत. परत आत यायच्या दाराशी फी कोण भरणार, त्यावर ती बँक गप्प आहे. बाबासाहेबांनी दोन गोष्टी राखल्या होत्या, परवानगी आणि पुंजी. ही योजना पहिलीची सोय करते. दुसरीसाठी पोरगा सात वर्षं डिलिव्हरीच्या बॅगा वाहणार, आणि सात वर्षांनी खातं कोरं. हेही लिहायला पाहिजे कुणीतरी, कथा म्हणून, निबंध म्हणून, कसंही.

ह्यावर आपल्यातलेच काही जण काय बोलतात ते मला माहीत आहे. फॉर्म भरून देणं हे समाजकल्याण खात्याचं काम, एन.जी.ओ.वाल्यांचं काम, क्रांतिकारकाचं नव्हे. तहसील कचेरीच्या रांगेत उभं राहून व्यवस्था बदलत नाही. बरोबर, बदलत नाही. पण २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी पोरं आझाद मैदानावर किती दिवस बसली होती ते आठवा. ती मागणी फॉर्मचीच होती आणि तो मोर्चाच होता. २० जुलै १९२४ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली, पुढच्याच वर्षी तिनं सोलापुरात वसतिगृह काढलं. १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज निघालं ते सकाळच्या वेळेचं, नोकरी करणाऱ्या पोराला टर्म भरता यावी म्हणून. वेळापत्रक बदलणं ही कारकुनी आहे की राजकारण?

आणि दुसरं एक बोलणं असतं, ते जास्त कडू. चळवळीतला एखादा पोरगा परीक्षेसाठी दोन महिने बैठकीला आला नाही, किंवा ॲडमिशन मिळाली म्हणून दुसऱ्या गावी गेला, की आपल्यातलाच कुणीतरी म्हणतो, गेला बामणांच्या वाटेनं. झाला साहेब. चळवळ सोडून पळाला. असं बोलणाऱ्यानं १९२० साल महिन्यामहिन्यानं वाचावं. ३१ जानेवारीला 'मूकनायक' चा पहिला अंक निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तिथं शाहू महाराजांनी हाच तुमचा पुढारी म्हणून सांगितलं. मे महिन्याच्या अखेरीला नागपूरची परिषद. चळवळीला असा जोर तोवर कधी चढला नव्हता, आणि सगळा जोर एका माणसाभोवती होता. त्या माणसानं पाक्षिक दुसऱ्यांच्या हाती दिलं. ते १९२३ पर्यंत कसंबसं चाललं आणि बंद पडलं. ही किंमत पडेल हे त्याला दिसत नव्हतं असं मी मानत नाही. पण ऑक्टोबर १९२१ जवळ येत होता. जुलैमध्ये तो बोटीत बसला तेव्हा 'मूकनायक' पुरता सहा महिन्यांचाही झाला नव्हता.